मारुती झेन गाडीतला पेट्रोलचा वास: आम्हाला एक स्टार दिलेल्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलेलं काल रात्री मुलीने वाचून दाखवलं. "तीन वेळा गाडी दिली, तिन्ही वेळा पैसे घेतले, शेवटी निघाला वीतभर रबरी पाईप. वर गॅरेजमधला पोरगा म्हणतो, वास तुमच्या नाकातच आहे."

नाकाचं आधी बोलतो, कारण तेच मला जास्त लागलं. पोरगा तसं बोलला होता, विचारल्यावर कबूल झाला. त्याच्या वतीने मी माफी मागतो. खरं तर नाक आमचंच मेलेलं असतं. दिवसभर पेट्रोल-ऑइलमध्ये हात घालणाऱ्याला बारीकसा वास कळतच नाही. म्हणून तिसऱ्या खेपेला मी बायकोला मागच्या सीटवर बसवून फिरवून आणलं. "येतो की! डोकं धरलं माझं," असं तिने सांगितलं तेव्हा कुठे आम्ही नीट कामाला लागलो.

आता पैशांचं. जुलैत तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आम्ही बॉनेट उघडलं. पेट्रोलचा वास म्हटलं की हात आधी तिथेच जातो. 2004 ची गाडी, इंजेक्टरचे (इंजिनात पेट्रोल फवारतात ते) ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, कडक झालेले असणार, असा अंदाज बांधला आणि बदलून टाकले. 1,150 रुपये. पण तिथे ओल नव्हती. ओल दिसत नसताना पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज करणं, आणि ते माझ्या गॅरेजात झालं. हे 1,150 परत घेऊन जा. चवथीच्या आधी दुसऱ्यांदा आलात तेव्हा पेट्रोल टाकीचं झाकण बदललं, 380 रुपये. ते मात्र परत करणार नाही. त्यातलं रबर दबून सपाट झालं होतं, ते आज ना उद्या बदलावंच लागलं असतं.

चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी. दोन्ही वेळा गाडी आली तेव्हा पेट्रोलचा काटा पावच्या खाली होता, आणि वास येतो तेव्हा तो कुठे असतो हे आम्ही विचारलंच नाही. तिसऱ्यांदा तुम्ही वैतागून म्हणालात, "इथे कधीच येत नाही, चोर्ला घाटात केरीच्या पुढे चढण लागली की येतो." मी विचारलं, पेट्रोल कुठे भरता? तुम्ही म्हणालात, बेळगावला माहेरी जायचं म्हणून साखळीत टाकी गळ्यापर्यंत भरून निघते, तिकडे पेट्रोल महाग. तिथेच उलगडा झाला.

झाकणाकडून टाकीत पेट्रोल उतरतं तो जाड रबरी पाईप टाकीच्या मागच्या अंगाला, वरच्या बाजूला बसतो. टाकी अर्धी असली तर पेट्रोल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. भरलेली टाकी घेऊन घाट चढताना गाडीचं नाक वर, सगळं पेट्रोल मागे, आणि ते त्या पाईपात उभं राहतं. येताना उतार, पेट्रोल पुढे, वास गायब. पावसात काचा बंद, म्हणून तेव्हा जास्त जाणवला. मग आठवडाभर गाडी डिचोलीत फिरते, टाकी खाली येते, आणि गाडी आमच्याकडे येते तेव्हा सगळं ठीकठाक.

म्हणून टाकी फुल करून आणली, गॅरेजपुढच्या चढावर गाडी नाक वर करून उभी केली आणि चहा प्यायलो. वीस मिनिटांनी मागचं चाक काढून बॅटरी मारली. पाईप वरून कोरा दिसत होता. क्लिपच्या मागे बोट घालून तो जरा वाकवला तर टाचेला भेगा पडतात तशा भेगा उघडल्या, आणि एका भेगेत पेट्रोलचा थेंब चमकत होता. खालच्या पत्र्यावर लाल माती ओली होऊन चिकटली होती, हाताएवढी. पेट्रोल उडून जातं, मातीचा डाग राहतो. तो डाग आम्हाला जुलैत दिसायला हवा होता.

पाईप 420, मजुरी 600. "पाण्याचा पाईप चाळीस रुपयांत मिळतो" असं तुम्ही लिहिलंय, पण पाण्याचा पाईप पेट्रोलने महिन्याभरात फुगतो, तो मी लावणार नाही. हे हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे झालं का, हेही तुम्ही विचारलं होतंत. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही हे खरं, पण वीस वर्षांचा पाईप कुठल्याही पेट्रोलने तडकला असता. सगळं खापर त्याच्यावर फोडून मी मोकळा होणार नाही.

एक मात्र करा. पंपावर नोझल खट् करून बंद झालं की पुरे म्हणा. राउंड फिगरसाठी पोरं आणखी ओततात, ते कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात, शिरतं आणि मग पाईप नवा असूनही चार दिवस वास मारतो. आणि कधी वासासोबत गाडीखाली थेंब दिसला तर चावी फिरवू नका. गाडी तिथेच ठेवा, फोन करा, आम्ही येतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खालीच साचून राहते, ठिणगीची वाट बघत.

स्टार वाढवा असं मी म्हणणार नाही. पुढच्या खेपेला बेळगावला निघताना टाकी भरून आधी इकडे या, रविवार सोडून कधीही. चढावर उभी करून पुन्हा बघू, त्याचे पैसे नाहीत. मागच्या सीटवर बायको बसेल. 1,150 रुपये पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत, वर तुमच्या गाडीचा नंबर लिहिलाय.