खुलासा : प्रत्येक जुना कीबोर्ड म्हणजे घबाड नव्हे

‘जुना कीबोर्ड भंगारात देऊ नका, ऑनलाइन लिलावात हजारो रुपये मिळतात’ हा मेसेज सध्या नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय. अर्धाच खरा आहे. मागणी आहे ती आयबीएमच्या १९८५च्या मॉडेल एमसारख्या मोजक्यांना. त्याच्या प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असते. बटण दाबलं की ती वाकते आणि खणखणीत ‘टक्’ वाजतं. वजन जवळपास दोन किलो! आपल्याकडचे बहुतेक जुने कीबोर्ड रबरवाले. सिडकोतल्या आमच्या शेजाऱ्यांनी उत्साहाने बटण उपसलं, तर खाली रबराची टोपी आणि चिवड्यातला शेंगदाणा. शिवाय मेसेजमधल्या स्क्रीनशॉटवरचा आकडा विकणाऱ्याने मागितलेला आहे. भाव बघायचा तर विक्री झालेल्या वस्तूंचा बघा.