जागलीची टॉर्च समुद्रात चालते म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

सोयाबीन निघालं, हातात थोडा पैसा आला की आमच्या इकडच्या पोट्ट्यांचे मालवण-तारकर्लीचे प्लॅन सुरू होतात, आणि दरवर्षी त्याच्यासोबत तो एक फॉरवर्ड पण फिरतो. ज्यांनी पाह्यला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कूबासाठी (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं) महागडी डाइव्ह लाइट, म्हणजे पाण्याखाली वापरायची टॉर्च, घेऊ नका, कंपन्या येडं बनवतात, जागलीची (रात्री शेत राखायची) ५०० रुपयाची टॉर्च घ्या, तिच्यावर आयपी६८ लिहिलंय म्हणजे वॉटरप्रूफच, १ लाख लुमेन (उजेडाचं माप), ९९०० एमएएचचा (किती चार्ज मावतो त्याचा आकडा) सेल, झाकणाला व्हॅसलीन लावा, वरून झिपलॉक पिशवी, डोक्याला पट्टा, झालं काम. खाली कोणीतरी जोडलंय की बोअरची मोटर वर्षानुवर्षं पाण्यात राहते, तिला काही होत नाही, मंग टॉर्चला काहून होईल?

आता यातली पहिली गोष्ट अर्धी बरोबर आहे, ते आधीच मान्य करतो. वर्षा-दोन वर्षातून एकदा पाण्यात उतरणाऱ्याने वीस-पंचवीस हजाराची, पाण्याखाली व्हिडिओ काढायची लाइट घेऊ नये. उलट मी तर म्हणतो, मालवणला दिवसा इन्स्ट्रक्टर हाताला धरून खाली नेतो त्या डाइव्हला लाइटच लागत नाही, त्या पैशात कुडाळपर्यंतचं तिकीट काढा. कोर्स करून स्वतः डाइव्ह करत असाल, अंदमानात नाइट डाइव्ह करायची असेल, तेव्हाच हा विषय येतो. आणि तेव्हा बाकीचा फॉरवर्ड तुम्हाला गोत्यात आणतो.

आयपी६८ पासून घ्या. धूळ-पाणी आत शिरू न देण्याचा हा ग्रेड. यातला ६ धुळीचा आहे, पाण्याचा आकडा फक्त ८. आणि ८ चा अर्थ एवढाच की एक मीटरपेक्षा जास्त खोलीवर कंपनीने स्वतः ठरवलेल्या वेळेपुरती ती वस्तू टिकली. कोणी दीड मीटर अर्धा तास ठरवतो, कोणी आणखी काही. ती टेस्ट पण स्थिर गोड्या पाण्यातली. वर जमिनीवर हवेचा जेवढा दाब असतो तेवढाच पाण्यात दर १० मीटरला आणखी चढतो. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स केलेल्याला १८ मीटरपर्यंत जाता येतं, तिथं प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पावणेदोन किलोच्या वर जास्तीचा दाब. चार सेंटीमीटरची गोल काच धरा, तिच्यावर वीस किलोच्या वर वजन बसलं! जागलीच्या टॉर्चचं मागचं रबरी बटन तर या दाबाने आपोआपच दबून बसू शकतं, मंग ना चालू होत ना बंद. म्हणून डाइव्ह लाइटवर आयपी पाहायचंच नाही, मीटरमधली खोली पाहायची, चांगल्यावर १०० किंवा १५० मीटर लिहिलेलं असतं, आणि बटन फिरवायचं किंवा चुंबकाचं असतं, बॉडीला भोक पाडून बसवलेलं नसतं.

बोअरच्या मोटरचा मुद्दा मात्र मला आवडला, कारण तो कोणत्यातरी आपल्याच माणसाने डोकं लावून काढलाय. पण कोण्याही रिवाइंडिंगवाल्या मिस्त्रीला विचारा राजेहो, सबमर्सिबल मोटर बसवायच्या आधी तो तिच्यात पाणी भरतो, काही मोटरमध्ये ऑइल असतं. म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडं भरलेलं, दाबाला दाबायला काही पोकळ सापडतच नाही. टॉर्चमध्ये हवा असते. हवा दबते, आणि बारीकशी फट सापडली की पाणी आत घुसतं. तुमची मोटर पाण्यात टिकते ती पाणी आत येऊ देत नाही म्हणून नव्हे, आधीच भरून ठेवलंय म्हणून.

झिपलॉक पिशवीचं तर काय बोलावं. पिशवी मऊ असते, ती दाब अडवत नाही, जसाच्या तसा आतल्या टॉर्चला देते. तिच्यात राहिलेली हवा १० मीटरवर निम्मी होते, प्लास्टिक टॉर्चच्या काठांना आवळतं आणि तिथंच फाटू शकतं.

व्हॅसलीन: पाणी ओ-रिंग (झाकणाच्या आट्यांजवळची गोल रबरी रिंग) अडवते, ग्रीस नाही. ग्रीस फक्त रिंग झाकण फिरवताना पिळू नये, कोरडी पडू नये म्हणून, आणि तेही सिलिकॉनचं, अगदी बोटाला लागेल एवढंच. थापून लावलं की त्यावर रेती चिकटते, केस चिकटतो, आणि एक केस आडवा आला तरी पाणी आत. काही जातीचं रबर व्हॅसलीनने फुगतं पण.

आता १ लाख लुमेन. इथं जरा हिशोब करू, कारण सगळ्यात जास्त लोक याच आकड्याला भुलतात. चांगला एलईडी एका वॅटला शंभर-दीडशे लुमेन देतो. म्हणजे १ लाख लुमेनला सातशे ते हजार वॅट पाहिजे, तिकडं एक हॉर्सपॉवर ७४६ वॅटचा. म्हणजे मुठीतल्या टॉर्चमध्ये एक एचपीची मोटर चालवण्याएवढा करंट! १८६५० नंबरचा जो सेल यात असतो, तो चांगल्यातला चांगला ३५०० एमएएचच्या आसपास, म्हणजे साडेबारा वॅट-तास. एवढ्यावर ते १ लाख लुमेन मिनिट-सव्वा मिनिटाच्या वर चालणार नाहीत, हजार लुमेन मात्र तासभर आरामात चालतात, आणि कधीमधी डाइव्ह करणाऱ्याला त्याच्यापेक्षा जास्त लागत पण नाही. ९९०० एमएएच लिहिलेला सेल दिसला की तो खोटा समजा. अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास किंवा वर भरतो, सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा, नकली पुष्कळदा हलका निघतो.

शिवाय जास्त उजेड म्हणजे जास्त दिसतं हेही पाण्यात खरं नाही. मालवणला पाण्यात कण असतात, रुंद झोताची लाइट लावली की ते सगळे कण उजळतात आणि धुक्यात अप्पर मारल्यासारखी समोर पांढरी भिंत उभी राहते. अरुंद झोत घ्या, दहा अंशाच्या आसपासचा. पाणी लाल रंग आधी खातं, दहा-पंधरा मीटरवर लाल वस्तू भुरकट दिसते, कपारीत जवळून अरुंद झोत टाकला की खरा रंग परत दिसतो, दिवसाच्या डाइव्हला लाइटचा खरा फायदा हाच.

डोक्याचा पट्टा रात्री ओलीत करायला उत्तम, दोन्ही हात मोकळे. पाण्यात मात्र तुम्ही सोबत्याकडं पाह्यलं की झोत सरळ त्याच्या डोळ्यात. आणि रात्री खाली बोलणं लाइटनेच होतं, मोठा गोल फिरवला म्हणजे ओके, जोरात आडवं हलवलं म्हणजे गडबड आहे, इकडं पाहा. डोक्यावर बांधून हे कसं करणार, मान गरगर फिरवून?

मंग घ्यावं काय? नाइट डाइव्ह एखादीच असेल तर डाइव्ह सेंटरवाल्याकडूनच भाड्याने घ्या, एक नाही दोन, कारण रात्री एक हातात आणि एक राखीव हा नियम आहे. विकतच घ्यायची तर एका सेलची, हजार लुमेनची, अरुंद झोताची, साधारण चार-सहा हजाराची बास होते, तीच पुढं राखीव म्हणून कामी येते. घरी आल्यावर विहिरीवर तपासा. सेल काढा, आत टिश्यू पेपर ठेवा, झाकण लावा, सोबत दगड बांधून दोरीने जेवढं पाणी असेल तेवढी खाली सोडा, अर्ध्या तासाने काढून वरून पुसा आणि मंगच उघडा. कागद ओला निघाला तर परत पाठवा. कोरडा निघाला म्हणजे १८ मीटरची खात्री झाली असं नाही, पण ढिली रिंग इथंच पकडली जाते. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर मीठ रिंगवर बसतं. विमानाने जात असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, आणि सेल टॉर्चमध्ये तसाच ठेवून ती बॅगेत चुकून चालू झाली तर पाण्याबाहेर इतकी तापते की कपड्याला डाग पडतो.