सबमिट बटण डिसेबल ठेवून फॉर्म सुधारत नाही

वेब डेव्हलपर्समध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय: "सगळी फील्ड्स बरोबर भरेपर्यंत सबमिट बटण डिसेबल (म्हणजे करडं, दाबता न येणारं) ठेवा. युजरच्या चुका थांबतात, एन्ट्री दोनदा होत नाही, आणि चुकीचा डेटा सर्व्हरपर्यंत पोचतच नाही." ऐकायला पटतं, कोडही चार ओळींचा. पण यातला एकही दावा जसाच्या तसा टिकत नाही.

"युजरच्या चुका थांबतात." चुका होतातच, फक्त कुठे झाल्या हे सांगायची सोय जाते. बँकेचा आयएफएससी कोड घ्या. अकरा अक्षरं, त्यातलं पाचवं कायम शून्य. पासबुकात बघून टाइप करणारा तिथे हमखास इंग्रजी 'ओ' मारतो, आणि बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. बटण करडंच राहतं. बिचारा वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचतो, सगळं ठीकच दिसतं. बटण दाबता आलं असतं तर "पाचव्या जागी शून्य हवं" एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. (खरं तर तिथे 'ओ'चा शून्य आपणच करून घ्यावा. त्या जागी दुसरं काही येतच नाही.)

शिवाय या सल्ल्यात गृहीत धरलंय की आपली तपासणी बिनचूक आहे. मराठी नावं घेणाऱ्या फॉर्मवर हे गृहीतक किती टिकतं बघा. नावाला 'ए ते झेड' एवढाच पॅटर्न (कोणती अक्षरं चालतील याचा नियम) असेल तर देवनागरी सरसकट बाद. थोडा जाणता डेव्हलपर युनिकोडमधला (जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातला) 'कोणत्याही भाषेतलं अक्षर' हा वर्ग वापरतो, 'उदय' टाकून बघतो, चालतं, खूश होतो. मग 'सीमा' अडकते. कारण काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या हिशेबात अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. त्यांचा वर्ग वेगळा, तो पॅटर्नमध्ये वेगळा घालावा लागतो. तोही घातला तरी 'कुऱ्हाडे' राहतात: काही कीबोर्ड त्यातला अर्धा र लिहिताना मध्ये एक न दिसणारा जोडक टाकतात, आणि तो या दोन्ही वर्गांत बसत नाही. आकड्यांचंही तेच. जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत पॅटर्नमधलं अंकाचं चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखतं, त्यामुळे कुणी पिनकोड ४११०३० असा देवनागरीत लिहिला की बटण मेलं.

यातली कुठलीच चूक युजरची नाही. आणि सगळ्यात वाईट भाग असा की आपल्याला हे कळतही नाही. विनंती सर्व्हरपर्यंत गेलीच नाही, तर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, काय दिसणार? माणूस फॉर्म सोडून निघून जातो आणि डॅशबोर्डवर एरर शून्य.

लॉगिन फॉर्मवर आणखी एक गंमत. क्रोम साठवलेला पासवर्ड पान उघडताच चौकटीत दाखवतो, पण युजरने पानावर कुठे क्लिक किंवा टाइप करेपर्यंत स्क्रिप्टला तो वाचू देत नाही. डोळ्यांना फॉर्म भरलेला, कोडला रिकामा, म्हणून बटण बंदच.

कीबोर्डवर काम करणाऱ्यांचं तर विचारूच नका. डिसेबल बटणावर टॅबने पोचता येत नाही, त्यामुळे स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) टॅबने फिरणाऱ्याला ते बटण आहे हेच कळत नाही. एंटर दाबून पाठवावं म्हटलं तर एचटीएमएलच्या नियमानुसार फॉर्मचं मुख्य बटण डिसेबल असताना एंटरनेही फॉर्म जात नाही. ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टिमचा सल्लाही शक्यतो अशी बटणं टाळावीत असाच आहे.

"एन्ट्री दोनदा होत नाही." इथे दोन गोष्टींची गल्लत आहे. फॉर्म भरण्याआधी बटण बंद ठेवण्याचा दुहेरी एन्ट्रीशी काही संबंध नाही. दाबल्यानंतर बंद करणं वेगळं, आणि त्यात तथ्य आहे, पण तेही जपून. क्लिक होताक्षणी, क्लिकवर चालणाऱ्या कोडमध्येच (हँडलरमध्ये) बटण डिसेबल केलं तर क्रोममध्ये फॉर्म जातच नाही असं होऊ शकतं. त्यानंतरच्या सबमिट इव्हेंटमध्ये, म्हणजे फॉर्म पाठवला जातानाच्या कोडमध्ये, केलं तर फॉर्म जातो, पण डिसेबल घटकांची मूल्यं पाठवली जात नाहीत, त्यामुळे 'मसुदा जतन करा' दाबलं की 'अर्ज पाठवा', हे सर्व्हरला कळत नाही. नेटवर्क तुटलं आणि बटण परत सुरू करायला कोड विसरला, की युजर अडकला. मग तो पान रिफ्रेश करतो, आणि फायरफॉक्स डिसेबल स्थिती रिफ्रेशनंतरही लक्षात ठेवतो! ते टाळायला बटणावर ऑटोकम्प्लीट (जुनी स्थिती आपोआप परत आणण्याची सोय) बंद करावं लागतं. हे ठाऊक नसलं तर अख्खा दिवस जातो.

आणि एवढं करूनही बॅक बटण किंवा दुसरा टॅब वापरून तोच फॉर्म पुन्हा जाऊ शकतो. त्यावर इलाज सर्व्हरवरच: प्रत्येक फॉर्मला एकदाच चालणारं टोकन (खुणेचा कोड), डेटाबेसमध्ये युनिक अट (तीच नोंद दोनदा न घेण्याची), आणि एन्ट्री झाल्यावर दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट.

"चुकीचा डेटा पोचत नाही." ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पानाचा कोड बघता-बदलता येतो तिथे) 'disabled' हा एक शब्द खोडला की बटण चालू. फॉर्म न उघडता थेट विनंती पाठवणाऱ्यापुढे तर बटण नावाची गोष्टच नसते. पुढे जाऊ.

यावर नेहमीचं उत्तर येतं: "बटण चालू ठेवलं तरी आमच्याकडे दाबून काही होत नाही." होतं असं, आणि कारणं शोधण्यासारखी असतात. अनेक टप्प्यांच्या फॉर्ममध्ये लपवलेल्या टप्प्यात एखादं सक्तीचं फील्ड रिकामं असलं की ब्राउझर सबमिट अडवतो, पण त्या फील्डवर फोकस नेता येत नाही म्हणून पडद्यावर काहीच दाखवत नाही. क्रोमच्या कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीच्या संदेशांच्या खिडकीत) मात्र ओळ येते. किंवा स्क्रिप्टने स्वतःचा एरर संदेश लावलेला असतो आणि चूक दुरुस्त झाल्यावर तो रिकामा करायचा राहतो. मग ते फील्ड कायमचं अवैध.

बाकी, 'ओटीपी पुन्हा पाठवा' हे बटण तीस सेकंद बंद ठेवायला माझी हरकत नाही. तिथे शेजारी उलटे आकडे पळत असतात, आणि कशाची वाट बघतोय हे युजरला माहीत असतं.