एकत्र करण्याआधी मोजमाप बघा

'सगळ्या केंद्रांच्या झाडांच्या नोंदी एका एक्सेलमध्ये आणल्या की झालं', हे जंगलातल्या झाडांच्या वाढीच्या नोंदी एकत्र करण्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी खोडाचा घेर नोंदतात, परदेशी फायलींत व्यास. स्तंभाला नुसतं 'जाडी' नाव दिलं की आकडा ३.१४ पटीने चुकतो, खोडाचं छेदक्षेत्र (आडव्या कापाचं क्षेत्रफळ) जवळपास दहापट.

पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावरचा, झाडं पुन्हा पुन्हा मोजली जातात तो ५० हेक्टरचा जंगलाचा प्लॉट घ्या. तिथे १९८२ आणि १९८५ च्या गणनेत ५५ मिमी व्यासाखालची खोडं ५ मिमीच्या टप्प्यांत, खालच्या आकड्याला नोंदली (३४ मिमीचं खोड ३० म्हणून). पुढच्या गणनांत १ मिमीपर्यंत. थेट वजाबाकी केली तर बारीक झाडं एकदम फोफावल्यासारखी दिसतात. नवे आकडेही त्याच टप्प्यांत उतरवा, मग वाढ काढा.

मोजणीच्या उंचीला वेगळा स्तंभ हवाच. एरवी जमिनीपासून १.३ मीटर, पण आधारमुळं (बुंध्याला फुटणारी फळ्यांसारखी मुळं) वाढली की टेप वर सरकते आणि कागदावर झाड चक्क आकसतं! न मोजलेल्या झाडापुढे शून्य टाकू नका. जागा रिकामी, शेजारी कारणाचा कोड. शास्त्रीय नावांचंही तसंच: ऐनाच्या झाडाला कुणी टर्मिनॅलिया टोमेन्टोसा लिहितो, कुणी टर्मिनॅलिया इलिप्टिका; मूळ नोंद न पुसता मान्य नाव बाजूला द्या. आणि मेलेल्या झाडाचा बिल्ला नंबर नव्या रोपाला कधीच नाही.