पिवळी मारबत नेमकी किती पिवळी होती?

"रॉमध्येच काढत जा भाऊ, जेपेगमध्ये काही दम नाही. आणि एडिटिंगचं काय टेन्शन, फुकटची सॉफ्टवेअरं पडली आहेत ढीगभर." रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जेपेग म्हणजे तयार फोटो. हे मला ज्यानं सांगितलं, तो सध्या माझा फोन उचलत नाही. उचलू नकोच बाबा. उचललास तर दोन शब्द ऐकशील.

तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. सकाळपासून इतवारीत उभा होतो. ढोल, घाम, खांद्यावर खांदा, आणि दर दोन मिनिटांनी "घेऊन जा गे मारबत!" पिवळी मारबत गल्लीत वळली तेव्हा ढगातून एकदम ऊन पडलं आणि ती अशी काही झळाळली की हात थरथरला. तिच्यापुढे एक काका बेभान नाचत होते, चेहरा पूर्ण सावलीत. क्लिक. काकांनी ते बघितलं, नंबर दिला, म्हणाले, "पाठवजो रे पोट्ट्या." मी म्हणालो, "रात्रीच पाठवतो काका."

त्याला पाच हप्ते झाले.

पैसे भरून मिळणारं लाइटरूम घेत नाही, कारण ते आता विकत मिळतच नाही, भाड्यानं मिळतं. वर्षाला चार वेळा कॅमेरा काढणाऱ्या माणसानं महिन्याच्या महिन्याला भाडं कशाला भरायचं? म्हणून फुकटवाले.

पहिला डार्कटेबल. छोट्या चित्रांच्या यादीत मारबत अगदी झक्कास पिवळी दिसत होती. डबल क्लिक केलं. एक क्षण तशीच राहिली, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तिचा रंग उडाला. चार उन्हाळे गच्चीवर वाळत घातलेल्या ओढणीसारखी. मला वाटलं, फाइल बिघडली. नाही हो. आधी दिसत होतं ते कॅमेऱ्यानंच बनवून रॉच्या पोटात ठेवलेलं तयार जेपेग. खरी रॉ ही अशीच मरगळलेली असते, रंगरूप तुम्ही आणायचं. बरं, आणतो. मग कळलं की फिल्मिक नावाचं मॉड्यूल, म्हणजे त्यातलं एक अवजार, भर उजेडातले गडद रंग फिके करत नेतं. त्याला एक यादी आहे, रंग कसा राखायचा ते विचारणारी. त्यात पर्याय काय? लुमिनन्स, पॉवर नॉर्म, युक्लिडियन नॉर्म. अरे, मी पिवळा रंग मागून राहिलो, तू युक्लिड काय काढून राहिला? दहावीत भूमितीत कसाबसा पास झालेला माणूस आहे मी.

कोणी म्हणालं फिल्मिक सोड, त्याच कामाचं दुसरं मॉड्यूल आहे, सिग्मॉइड, ते लाव. लावलं. दोन्ही एकत्र लावायची नसतात हे नंतर वाचलं, तोवर एक रविवार गेला होता. आणि कॉन्ट्रास्ट! साधा कॉन्ट्रास्ट वाढवायचा तर तो सिग्मॉइडमध्ये आहे, कलर बॅलन्समध्ये आहे, लोकल कॉन्ट्रास्ट वेगळं, कॉन्ट्रास्ट इक्वलायझर वेगळं. नेमका कुठला हलवू? विचारलं तर उत्तर येतं, "तुला काय साधायचंय त्यावर आहे." मला काकांना फोटो पाठवायचाय!

त्यात माझा लॅपटॉप 8 जीबीचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एक स्लायडर सरकवला की पंखा असा घुमतो की बायको आतून विचारते, "ऑक्टोबरात कूलर कशाला लावला?"

मग दुसरा फुकटवाला, रॉथेरपी. खोटं कशाला बोलू, उघडल्या उघडल्या बरं वाटलं. कॅमेऱ्याच्या जेपेगला जुळेल असा उजेड-अंधाराचा कर्व्ह तो आपणच शोधून लावतो. पिवळा बराचसा परत आला. आता फक्त काकांचा चेहरा उजळायचा. हवा तेवढाच भाग हातानं रंगवून निवडायचा ब्रश शोधला. ब्रश नाही. लोकल ॲडजस्टमेंटमध्ये एक स्पॉट ठेवायचा, लंबगोल, आणि तो मधल्या ठिपक्याच्या रंगाशी जुळणारा भाग स्वतः ओळखतो. कल्पना भारी आहे. फक्त काकांच्या चेहऱ्यावर हळद-गुलाल, मागे मारबतीचं पिवळं लुगडं. चेहरा उजळला की लुगडंही उजळतं. लुगडं सावरलं की काका पुन्हा अंधारात. वरून नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी केल्याचा परिणाम बघायला फोटो शंभर टक्के मोठा करायचा, म्हणजे एका वेळी काकांचं नाक तेवढं दिसतं.

ब्रश डार्कटेबलमध्ये आहे. म्हणून म्हटलं, इथला रंग घेऊन तिकडे जाऊ. तर तेही नाही! याची मेहनत पीपी३ फाइलमध्ये, त्याची एक्सएमपीमध्ये, एकाला दुसऱ्याचं कळत नाही. म्हणजे तुलना करायची तर दर वेळी पहिल्यापासून. आणि मध्येच एक शहाणा सांगतो, "जिम्प वापर ना." जिम्प हेही फोटो एडिट करायचं फुकटचं सॉफ्टवेअर, पण ते रॉ स्वतः उघडतच नाही भाऊ, ते याच दोघांपैकी एकाकडे पाठवतं. फिरून फिरून भोपळे चौक.

तुलनेचे व्हिडिओ तर विचारूच नका. सगळ्यांत तेच, कुठलं तरी निळं तळं आणि मागे सूर्यास्त. तो तर मोबाइलवरही चांगला येतो. इतवारीची अरुंद गल्ली, वर पांढरंफट्ट आभाळ, खाली काळवंडलेला चेहरा, मध्ये भडक पिवळा, हे घेऊन तुलना करून दाखवा की कोणीतरी.

आणि सगळ्यात त्रास याचा की मनसोक्त शिवीही देता येत नाही. डार्कटेबल 2009 पासून आहे, दर वर्षी दोन नव्या आवृत्त्या काढतात, एक तर ऐन नाताळात, आणि कोणाकडून एक रुपया मागत नाहीत. अशा लोकांवर ओरडायचं म्हणजे लंगरात जेवून मीठ कमी म्हणण्यासारखं. शिवी घशाशी येते आणि गिळावी लागते. पैसे भरले असते तर निदान भांडलो तरी असतो.

परवा तिन्ही बाजूबाजूला लावले. डार्कटेबलचा, रॉथेरपीचा, आणि कॅमेऱ्यानं अर्ध्या सेकंदात फुकटात करून ठेवलेला जेपेग. बायकोला बोलावलं. तिनं चहाचा कप हातात धरूनच बघितलं. "तिन्ही सारखेच तर आहेत."

सारखे? एक लिंबू आहे, एक हळद आहे, एक झेंडू आहे! ती म्हणाली, "मग खरी कशी होती?"

आता काय सांगू? मिरवणूक संपल्यावर मारबत त्याच दिवशी जाळून टाकतात.