एसडब्ल्यूआर 1:1 आला म्हणजे अँटेना जमला?

"सॉफ्टवेअरमध्ये डायपोल (मधोमध जोडणी असलेला दोन तारांचा अँटेना) काढा, एसडब्ल्यूआर 1:1 आला की झालं. रेडिओपासून अँटेनापर्यंतची केबल मॉडेलमध्ये घेऊ नका, तिचा अँटेनाशी संबंध नसतो. प्रत्यक्षात फरक आलाच तर केबल थोडी थोडी कापून जुळवा." हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींमध्ये हा सल्ला सतत पुढे पाठवला जातो. नवे परवानाधारक त्यावर विसंबून तारा कापतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ते 1:1. एसडब्ल्यूआर म्हणजे पाठवलेल्या लाटेतली किती परत येते याचं माप; 1:1 म्हणजे काहीच परतत नाही. 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्तीची उष्णता करणारा रोधक) लावा, एसडब्ल्यूआर अगदी 1:1 येईल आणि हवेत जवळपास काहीच जाणार नाही. 145 मेगाहर्ट्झला 30 मीटर आरजी-58 (एक बारीक केबल) साडेपाच-सहा डेसिबल खाते, म्हणजे जवळपास तीन-चतुर्थांश शक्ती. परतणारी लाटही तेवढीच मार खाते. त्यामुळे वर अँटेना तुटून पडला असला, तरी खाली मीटर 1.7 च्या आसपास दाखवतो!

केबलचा संबंध नसतो, हे तर सर्वांत घातक. कोअॅक्सच्या, म्हणजे मधली तार आणि भोवती जाळीचं शील्ड असलेल्या या केबलच्या आत दोन प्रवाह एकमेकांना रद्द करतात, हे खरं. पण फीड पॉइंटला, म्हणजे केबल अँटेनाला जोडते तिथे, शील्डच्या आतल्या प्रवाहाला आणखी एक वाट मिळते: शील्डचा बाहेरचा पृष्ठभाग. म्हणजे केबल ही अँटेनाची तिसरी तार होते. माझ्या गच्चीवरच्या 14 मेगाहर्ट्झच्या इन्व्हर्टेड व्हीला (दोन्ही टोकं खाली उतरवलेला डायपोल) सॉफ्टवेअर एसडब्ल्यूआर 1.3 सांगत होतं, मीटर 1.9. केबल हातात धरली की काटा हलायचा. मग मॉडेलमध्ये फीड पॉइंटपासून 5 मिलिमीटर जाडीची एक तार, केबल जशी खाली उतरते तशीच, जोडली. आकडे लगेच जवळ आले. फीड पॉइंटला 43 मिक्सच्या (हा फेराइटचा एक प्रकार) फेराइट रिंगवर केबलचे 12 वेढे घातल्यावर काटा हलायचा थांबला. बाहेरचा प्रवाह अडवणाऱ्या अशा वेढ्यांना चोक म्हणतात.

यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 1981 साली तयार झालेल्या एनईसी-2 या अँटेनाचं गणित करणाऱ्या प्रोग्राममधली ट्रान्समिशन लाइन (केबलचं मॉडेल) निव्वळ गणिती आहे: तिच्यात घट नाही, ती रेडिएटही करत नाही. बाहेरचा पृष्ठभाग आपणच तार म्हणून काढायचा असतो. फीड पॉइंटला चांगला चोक असेल, तर मात्र केबल वगळलेली चालते.

राहिलं केबल कापणं. केबल खरोखर 50 ओहमची असेल, तर लांबी बदलून रेडिओला दिसणारा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध) बदलतो. एसडब्ल्यूआर बदलत नाही, घटीचा थोडा फरक सोडला तर. कापल्यावर तो ठळक बदलत असेल, तर बाहेरून प्रवाह वाहतोय असं समजा आणि कात्री ठेवून चोक लावा.

तुमच्या मॉडेलमध्ये ती तार आजच वाढवा, लांबी 5 ते 15 मीटर बदलत जा आणि तिच्यातला प्रवाह कुठल्या लांबीला उसळतो ते बघा. प्रत्यक्षातली केबल त्या लांबीची ठेवू नका.