पाच डॉलर आणि दिंडोरीची बाग

परवा फॅमिली ग्रुपवर दादाने नाशिकच्या आदिवासी मोर्चाचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "रस्ते अडवायचे आणि वनजमीन फुकट मागायची. आजोबा-पणजोबांच्या काळातले हक्क आज कसले?" त्यावर सतरा अंगठे. माझं डोकंच फिरलं. बाहेर उणे 31, गाडी प्लगला लावून नुकताच आत आलो होतो, जॅकेटसकट टायपायला बसलो.

अरे, आमच्या इथे कॅनडात, सॅस्कटूनमध्ये 1876 चा कागद अजून चालू आहे! ट्रीटी सिक्स. क्री या इथल्या आदिवासी लोकांनी फोर्ट कार्लटनला ब्रिटिश राणीच्या माणसांशी केलेला करार. माणशी वर्षाला पाच डॉलर, पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल जमीन, आणि सरकारी एजंटच्या घरी औषधांची पेटी. ते पाच डॉलर आजही देतात, पाचच, कॉफी-डोनटचे. जमीन मात्र कित्येकांना ठरली तेवढी दिलीच नाही, तो हिशोब 1992 मध्ये 25 फर्स्ट नेशन्सशी, म्हणजे आदिवासी समूहांशी, बसून केला, आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी जमीन विकत घ्यायची, म्हणजे बघा. मस्केग लेक या क्री समूहाचा रिझर्व्ह, म्हणजे राखीव जमीन, तर 1988 पासून शहरातच आहे, मी तिथून रोज जातो. आणि रस्ते म्हणशील तर आयडल नो मोर हे आदिवासी हक्कांचं आंदोलन 2012 ला इथेच चार बायकांनी सुरू केलं, पुढे देशभर हायवे अडले, मॉलमध्ये ढोल वाजले.

इथे मीटिंगच्या आधी सांगतात की आपण ट्रीटी सिक्सच्या भूमीवर आहोत. नाशकात कोण सांगेल असं? (सांगून झालं की लगेच बजेट सुरू होतं, ते सोडा.)

आणि 2018 चा लाँग मार्च विसरलात का रे? नाशिकपासून चालत आलेले लोक, पायाला फोड, आणि दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून मुंबईत शेवटचा टप्पा रात्रीतून चालले. मागत काय होते, तर 2006 च्या वनहक्क कायद्यानेच दिलेला कसत्या जमिनीचा हक्क.

एवढं सगळं लिहिलं, पण सेंड केलं नाही. कारण लंचरूममध्ये इथल्या आदिवासींबद्दल कोणी "ते लोक टॅक्स भरत नाहीत" म्हणालं की मीही मान डोलावतो. ते अर्धवट खोटंय हे माहीत असून. तेवढ्यापुरता तरी मी "आपल्यातला" होतो ना. सिटिझनशिपची शपथ झूमवर झाली, वर ब्लेझर, खाली पायजमा, कॅमेऱ्यासमोर पीआर कार्ड (कायम रहिवाशाचं) कात्रीने कापलं, आणि ट्रीटी हक्क मानणाऱ्या संविधानाची शपथ घेतली. घेतली म्हणजे बायको शिरा करत होती त्या वासात पुटपुटलो.

आणि दुसरं म्हणजे आमची दिंडोरीची साडेतीन एकर द्राक्षबाग. आदिवासींच्या जमिनी परत करायचा कायदा 1974 ला आला तेव्हा आजोबा वर्षभर तहसीलच्या चकरा मारत होते असं आई सांगायची, कशासाठी ते कधी नाही सांगितलं. मीही विचारलं नाही. माझं इथलं शिक्षण त्याच बागेवर झालंय.

तेवढ्यात दादाचा फोटो आला. घड टच्च भरलेत. "यंदा माल एक्स्पोर्टचा आहे, कधी येतोस?"

मी अंगठा टाकला.